उजवा हात पिंपळाकडे

"कुठं जाती ही गाडी?"

"कुठं नाय. इथून निघती आन् फिरून इथंच येती."

"मंग बसायचं कशाला?"

या दुसऱ्या प्रश्नाशी सावळीराम दर वेळी अडायचा. गेले तीन दिवस हाच प्रश्न त्याला सगळं नाशिक विचारत होतं. पंचवटीच्या पलीकडे, तपोवनाच्या वाटेवरच्या मोकळ्या रानात इब्राहिमभाईंची डोंगरगाडी उभी होती. लाकडी खांबांवर चढउतारांचा रूळ आणि त्यावर आठ माणसांची चार डब्यांची गाडी. तेलाचं इंजिन साखळीने तिला बत्तीस फूट उंचावर ओढून न्यायचं आणि तिथून तिचं तिला सोडून द्यायचं. बघायला रोज दोनशे माणसं जमत, पण बसायला एकही पुढे येत नसे. नाशिकचा माणूस भाडं देतो ते कुठेतरी पोहोचण्यासाठी. एकाने तर विचारलं, "निदान तपोवनापर्यंत सोडता का?" नाही म्हटल्यावर तो चालत तपोवनात गेला.

साल पस्तीस-छत्तीस असेल. सावळीराम मखमलाबादचा माळी. झेंडू आणि शेवंती घेऊन रेल्वेने मुंबईला जायचा. एकदा माल लवकर संपला म्हणून हा समुद्र बघायला गेला आणि समुद्राकडे पाठ करून बसला, कारण किनाऱ्यावरच्या जत्रेत डोंगरगाडी लागली होती. त्या दिवसापासून त्याला तिचं वेडच लागलं. मुंबईची झाली, पुण्याच्या प्रदर्शनातली झाली, सुरतेकडे एक आली असं कळलं तेव्हा फुलं न घेताच निघाला. कोणत्या गाडीला किती उतार, कोणत्या वळणावर पोटात गोळा येतो, हे तो झोपेतही सांगायचा. बसायचा मात्र कायम पहिल्या बाकावर. पुढचा उतार डोळ्यांनी बघितला पाहिजे, असा त्याचा आग्रह.

"लोक काशीला जातात," त्याची बायको सखुबाई शेजारणींना सांगायची, "आमचं माणूस घसरायला जातं."

मुंबईची जत्रा मोडली तेव्हा इब्राहिमभाईंनी गाडी विकत घेतली होती आणि ती नाशिकला आणा, असं त्यांच्या डोक्यात सावळीरामानेच भरवलं होतं. "बारा महिने यात्रा असती आमच्याकडं. माणसांचा तोटा नाय." भाईंनी विश्वास ठेवला. नाशिकरोडहून अकरा बैलगाड्यांतून लाकूड आलं. रानाच्या मालकाने एकच अट घातली, मधल्या पिंपळाला हात लावायचा नाही. म्हणून सगळा रूळ पिंपळाच्या भोवतीने बांधला गेला. इतका खटाटोप झाला आणि आता शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस पिंपळावरचे कावळे सोडले तर वर कुणी गेलं नव्हतं.

चिमाजी वखारवाला मात्र रोज संध्याकाळी न चुकता यायचा. तो गाडीकडे बघतही नसे. खांबापाशी जायचा, बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि मान डोलवायचा.

"लाकूड चांगलं हाय भाई," रविवारी तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी गाड्या पाठवतो. वासे निघतील, दारं निघतील. काय वाया जायचं नाय."

इब्राहिमभाईंनी मान हलवली. तो गेल्यावर ते सावळीरामाला म्हणाले, "भाऊ, तुम्हाला बोल लावत नाही मी. तुमचं दिल साफ आहे. पण उद्याचा एक दिवस. मग मी चिमाजीला जबान दिली आहे."

सावळीरामाने जवळच्या खांबावरून हात फिरवला. या गाडीची दारं होणार! कुणाच्या तरी न्हाणीघराला तो बत्तीस फुटांवरचा वासा लागणार! भल्या माणसाला आपण घरदार सोडून इथवर आणलं आणि बुडवलं, याचं वाईट तर त्याहून जास्त वाटत होतं. तो पिंपळाखाली डोकं धरून बसला असताना मागून आवाज आला.

"सावळ्या, ही गाडी जाती कुठं रे?"

मखमलाबादच्या बयाबाई होत्या. साठी उलटलेल्या, आवाज खणखणीत. गावात कुठल्या व्रताला काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्या ठरवत. भटजीसुद्धा त्यांच्यासमोर पोथी उघडून बोलायचे. बरोबर त्यांची धाकटी जाऊ नवसाबाई होती. गोदावरीत दिवे सोडून दोघी गंगेवरून परतत होत्या.

"कुठं नाय मावशी," सावळीराम कंटाळून म्हणाला. "इथून निघती, पिंपळाला फेरी घालती, आन् इथंच येती."

बयाबाई थांबल्या. त्यांनी रुळाकडे पाहिलं, पिंपळाकडे पाहिलं, पुन्हा रुळाकडे पाहिलं.

"म्हंजे परदक्षणाच की."

"आं?" सावळीराम म्हणाला. आणि बुडत्याने काडी धरावी तसा पुढच्याच श्वासात म्हणाला, "व्हय मावशी! परदक्षणाच! बसून!"

"उद्या सोमवती हाय," बयाबाई नवसाबाईकडे वळल्या. "पिंपळाला एकशे आठ फेऱ्या. आन् माझं गुडघं हे असं."

"बसून चालतंय का पण?" नवसाबाईने विचारलं.

"पालखीतला देव काय चालत जातो का?" बयाबाई म्हणाल्या, आणि ठराव पास झाला.

इब्राहिमभाईंना हे मुळीच पटलं नाही. "सावळीरामभाऊ, माझी गाडी मजेची आहे. देवाधर्माचं नाव मी लावणार नाही. उद्या कुणी म्हणालं, इब्राहिमने फसवलं, तर मी तोंड कुठं लपवू?"

"तुमी काय बोलूच नका भाई. पिंपळ खरा हाय, फेरी खरी हाय. यात लबाडी कुठं हाय?"

लबाडी कुठे आहे ते सावळीरामाला चांगलं ठाऊक होतं. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी तो एकशे आठ झेंडूची फुलं टोपलीत घेऊन आला, फेरीला एक याप्रमाणे. सखुबाईही आली, नवरा आता काय नवीन दिवे लावतो ते बघायला. आणि बघते तर मखमलाबादच्या आणि आडगावच्या मिळून साठ बायका ओळीने उभ्या! बयाबाईंनी निरोपच तसा फिरवला होता. वहाणा काढून त्यांचा ढीग झाला होता. पिंपळाला सूत गुंडाळलं गेलं होतं. कुणीतरी पहिल्या डब्यावर नारळ फोडला, ते पाणी इंजिनाच्या पट्ट्यावर उडालं आणि पट्टा घसरायला लागला. भाईंनी तो पुसून काढला. मग प्रत्येक डब्याला हळदीकुंकू लागलं. भाई कोपऱ्यात उभे राहून हात चोळत होते. इतकी गिऱ्हाइकं बघून आनंद मानावा की पळून जावं, हे त्यांना कळेना.

"आधी रिकामी फिरवून दाव," बयाबाईंनी फर्मावलं.

इंजिन धडधडलं. गाडी टकटक करत वर चढली, शेंड्यावर क्षणभर थबकली आणि खाली सुटली. साठ बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. गाडी वळणं घेत खालीवर होत परत जागेवर आली. सावळीरामाने अभिमानाने मिशीवरून हात फिरवला.

"थांबा!" नवसाबाई किंचाळली. "ही तर उलटी फिरती!"

बायका हवेत बोटं फिरवून बघू लागल्या. खरंच होतं. पिंपळ डाव्या हाताला राहत होता. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डावी फेरी फक्त मयताला घालतात.

"सोमवतीला डावी फेरी!" आडगावची एक बाई म्हणाली. "घरातलं वाटोळं करायचंय का?"

"सावळ्या, गाडी उलटी फिरव," बयाबाई म्हणाल्या.

"मावशी, नाय फिरत. साखळी एकाच बाजूनं ओढती. उतारबी त्याच बाजूचं."

"मंग आमाला बोलावलंस कशाला?"

खरं तर त्याने कुणालाच बोलावलं नव्हतं, पण हे बयाबाईंना सांगणार कोण? बायका वहाणांच्या ढिगाकडे वळल्या. साठ जोड एकत्र मिसळले होते म्हणून, नाहीतर पाच मिनिटांत रान रिकामं झालं असतं. चिमाजी आज सकाळीच येऊन उभा होता. त्याने एका खांबावर टकटक केलं. सावळीरामाला तो आवाज छातीत ऐकू आला. इब्राहिमभाई खाली मान घालून इंजिन बंद करायला निघाले.

"अवं, उजवा हात पिंपळाकडं पायजे, येवढंच ना?"

ही सखुबाई होती. डोंगरगाडीबद्दल तीन वर्षांत तिच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नव्हता. आत्ताही तिचा सूर करवादलेलाच होता, पण नवऱ्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना.

"मंग गाडीला कशाला फिरवता? बाया फिरवा की. तोंड मागं करून बसवा. हात आपोआप उजवा झाला."

साठ बायका उलट्या तोंडाने उभ्या राहून, मागे मागे पावलं टाकत, उजवा हात हलवून हिशोब करू लागल्या. हिशोब बरोबर आला. सगळे बयाबाईंकडे बघू लागले. बयाबाईंनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला.

"चालतंय," त्या म्हणाल्या.

भाईंनी पाना घेतला. अर्ध्या तासात चारही बाकं उचकटून उलटी बसली, नटबोल्ट आवळले गेले, धरायला आडवे बांबू बांधले गेले. घाम पुसत ते म्हणाले, "अशी गाडी मी मुंबईतसुद्धा चालवलेली नाही."

"म्हणून आधी सावळ्या बसंल," बयाबाई म्हणाल्या. "मी त्याच्या शेजारी."

सावळीराम हसत बसला. त्याच्यासाठी काय, रोजचंच होतं. गाडी चढू लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला मागची बाजू दिसते आहे. खाली सखुबाई लहान लहान होत चालली आहे. उतार नेमका कधी येणार ते कळत नाही. जन्मात पहिल्यांदा कळत नाही!

"मावशी," तो बांबू आवळत म्हणाला, "आला का वो शेंडा?"

"मला काय ठावं? देवाचं नाव घे."

त्याने देवाचं नाव घेतलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सगळ्या रानाने ऐकलं. पुढचं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं, तेही तो विसरला. गाडी थांबली तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि दोन्ही हातांनी त्याने बयाबाईंचा दंड धरला होता. बयाबाईंच्या डोक्यावरचा पदर मात्र तसूभर सरकला नव्हता.

"एक झाली," त्या म्हणाल्या. "फूल वाहा गं नवसा."

मग गाडी थांबलीच नाही. एका वेळी आठ बायका, फेरी संपली की पुढच्या आठ. एकशे आठ फेऱ्या सगळ्यांनी मिळून पुऱ्या करायच्या, असा निवाडा बयाबाईंनी दिला. त्या स्वतः मात्र दर दोन-तीन फेऱ्यांनी परत रांगेत दिसत. नवसाबाई पहिल्यांदा रडत उतरली आणि लगेच फिरून बसली. दुपारपर्यंत वरून येणाऱ्या किंकाळ्यांत हसू मिसळायला लागलं होतं. ते ऐकून पंचवटीतून आणखी माणसं धावत आली. चिमाजीने एकदा टकटक करायला हात उचलला, तर वरून गाडी धडधडत गेली आणि खांब असा हादरला की त्याने हात खिशात घातला आणि वाट धरली.

दुपारी बयाबाईंचा मुलगा धोंडीराम तणतणत आला. मोठा कडक माणूस. आईला गंगेवर जायचं तरी तो चार प्रश्न विचारायचा.

"आई! हे काय चालवलंय या वयात? लोक काय म्हणतील? गाव हसंल आपल्याला!"

"परदक्षणा चाललीय," वरून उत्तर आलं आणि पाठोपाठ गाडी सुटली.

धोंडीरामाने पिंपळाकडे पाहिलं, फुलांच्या राशीकडे पाहिलं. पागोटं सारखं करून त्याने वर जाणाऱ्या आईला हात जोडले आणि निमूट परत गेला.

एकशे आठवं फूल पडलं तेव्हा दिवस मावळत होता. बायका वहाणांचे जोड जुळवत होत्या आणि अजून हसत होत्या. इब्राहिमभाई सावळीरामाच्या गळ्यात पडले. आता गाडी महिनाभर इथेच राहणार होती. पण सावळीरामाला गोड लागेना. म्हाताऱ्या बाईला आपण देवाच्या नावाने फसवलं, हे त्याला सकाळपासून टोचत होतं. तो बयाबाईंजवळ गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, एक कबूल करायचंय. ह्या गाडीत काय पुण्य नाय. नुसती मजेची हाय. हिची दारंखिडक्या व्हनार व्हत्या, मला बघवंना, म्हणून मी परदक्षणेला व्हय म्हणून गेलो. तुमची सोमवती वाया गेली. पाप माझ्या माथी."

बयाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नवसाबाई लांब होती.

"काय वाया नाय गेली," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या एकशे आठ सकाळीच झाल्यात. देवळामागच्या पिंपळाला. पायी."

"पायी? आन् गुडघं?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय!"

सावळीरामाने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"अरे, शुक्रवारपासून बघती हाय तुझी गाडी. लय बसावंसं वाटत व्हतं. पर साठीच्या बाईनं हौस म्हणून बसती म्हटलं, तर धोंड्या घरात घेईल का मला? या समद्या बायांची तीच गत." त्यांनी पदर सारखा केला आणि तरातरा चालू लागल्या. चार पावलांवर थांबून मागे वळल्या. "उद्या मंगळवार. आमी परत येतो. घरी सांगायला काय तरी चांगलं काढून ठेव."