रायाजी गव्याचं मित्रमंडळ

एका जंगलात, म्हणजे तुमच्या गल्लीपेक्षा चार झाडं जास्त असलेल्या एका जंगलात, रायाजी नावाचा गवा राहत होता.

मुलांनो, रायाजीला मित्रांची ददात नव्हती. त्याच्या नावाचं मित्रमंडळच होतं. अध्यक्ष हंबीर तरस, कार्याध्यक्ष बंडू वानर, आणि ज्याला ज्याला फुकटचं गोड लागतं तो प्रत्येक जण सदस्य.

रायाजीच्या वाढदिवसाला पाणवठ्यावर फ्लेक्स लागायचा. मधोमध काळा चष्मा लावलेला रायाजी, भोवती शुभेच्छुकांची तोंडं. ज्याचं तोंड रायाजीच्या कानाला जितकं जवळ, तितकी त्याची मैत्री घट्ट. दुकानातही मांडणी अशीच असते. खपवायचा माल गल्ल्याजवळ.

फ्लेक्सवर नसायचा तो एकटा गोंदू साळिंदर. लहानपणी दोघं एकत्र कंद उकरायचे. पण गोंदू फोटोला उभा राहिला की शेजारचा ओरडायचा. शिवाय तो चारचौघांत रायाजीला 'रायज्या' म्हणायचा. अध्यक्षांना ते बरं दिसेना.

यंदाही फ्लेक्स लागला. समारंभाआधी अंगाला तुकतुकी यावी म्हणून रायाजी फ्लेक्ससमोरच्या चिखलात लोळायला उतरला. चिखल खोल निघाला. तो पोटापर्यंत रुतला. जोर लावला तसा आणखी खाली गेला.

मंडळ धावत आलं.

"दादा, घाबरू नका, आम्ही आहोत," हंबीर काठावरून म्हणाला.

"आहात ते दिसतंय. ओढा."

"ओढू की. पण सगळे जमू द्यात. थोड्यांनीच ओढलं तर बाकीच्यांचा मान राहत नाही."

तेवढ्यात बंडूनं फोटो काढायला घेतला. "दादा, मान जरा वर. असं रडवेलं नको. झुंजार दिसा."

रायाजीनं मान वर केली. तशीही ती आता वरच ठेवावी लागत होती.

हंबीर फ्लेक्सकडे बघत बंडूच्या कानाशी लागला. पण तरसाची कुजबुज ती. रायाजीला सगळं ऐकू गेलं.

"'शुभेच्छा' खोडून तिथं 'श्रद्धांजली' बसेल का रे?"

"बसेल. फोटो हाच चालेल. चष्मा तेवढा काढू."

रायाजीनं घाबरून पुन्हा पाय झाडले. तरी, आपल्या मागचंही बघणारे मित्र कुणाला मिळतात, असंही त्याला वाटून गेलं.

इतक्यात गोंदू आला. त्यानं कुणाला रामराम केला नाही.

"रायज्या, हलू नकोस," एवढंच म्हणाला आणि फ्लेक्सचे बांबू बुडाशी कुरतडायला लागला. हंबीर ओरडेपर्यंत अख्खा फ्लेक्स चिखलावर आडवा पडला.

"पुढचा पाय बांबूवर ठेव. हं. आता दुसरा. सावकाश."

बांबू कडकडले, फ्लेक्स फाटला, पण रायाजी धापा टाकत काठाला लागला.

सगळे फ्लेक्सकडे बघत होते. हंबीरच्या तोंडाच्या जागी खुराएवढं भोक पडलं होतं.

"आमच्या तोंडावर पाय देऊन वर आलात, दादा," हंबीर म्हणाला.

रायाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं गोंदूला बाजूला घेतलं.

"गोंद्या, फ्लेक्स उलटा पाडायचास ना रे."

"नाकाशी आला होता चिखल तुझ्या."

"तरी पण. मला चारचौघांत राहायचंय."

गोंदूनं पाठीवरचा चिखल झटकला. मग म्हणाला, "अंग धुऊन घे. चिखल वाळला की खाज सुटते." आणि निघून गेला.

मंडळानं मोठ्या मनानं रायाजीला माफ केलं. गोंदूला मात्र फ्लेक्सच्या विटंबनेबद्दल पाणवठाबंदी झाली. ठरावाला पहिलं अनुमोदन रायाजीचं होतं.

मग नवा फ्लेक्स लागला. 'दादांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढणारं मित्रमंडळ.' त्यात हंबीरच्या हातात जाडजूड दोर होता, आणि दोराला सगळं मंडळ लागलेलं.

रायाजी बराच वेळ फ्लेक्सखाली उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. आपल्याला नेमकं कुणी वाचवलं, हे त्याला तेव्हा कुठे कळलं.

तात्पर्य: अडचणीत धावत येतो त्याला मित्र समजू नका, मुलांनो, त्याला नुसती घाई असते. खरा मित्र फोटो नीट येईपर्यंत थांबतो.