मास्तरांच्या वहीतली डावी बाजू

लालबागच्या आमच्या चाळीत कांबळी मास्तरांसमोर 'आज फार उकडतंय' म्हणायची सोय नाही. लगेच प्रश्न, "कुठं? गॅलरीत की खोलीत? मोजलंस?" उत्तर ऐकायला थांबत नाहीत, थर्मामीटर आणायला गेलेले असतात.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी संध्याकाळी गॅलरीत पोरांचा विज्ञानाचा वर्ग भरतो. ते बसत नाहीत. फेऱ्या मारत शिकवतात, पोरं माना वळवून वळवून शिकतात. प्रत्येकाच्या वहीत पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. नियम दोनच. तीनदा बघितल्याशिवाय डावीकडे लिहायचं नाही, आणि दुसऱ्यानं बघितलेलं आपल्या वहीत उतरवायचं नाही.

कपडे कुठे लवकर वाळतात हे बघायला एकदा त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांच्या दोऱ्यांवर ओले रुमाल टांगले.

"मास्तर, मी माझे परकर कुठं वाळत घालू?" राणेवहिनी कडाडल्या.

"इथंच घाला. जाड कापड हवंच होतं."

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बीएस्सी, फर्स्ट क्लास. कोणी विचारलं नाही तरी सांगते. मास्तरांनाही सांगितलं.

"मग सांग, मुगाला आधी मूळ फुटतं की पान?"

"मूळ."

"तू बघितलंस?"

बघितलं कुठलं! सगळं पाठ केलेलं. राग आला, पण घरी जाऊन मूग भिजवले आणि माझ्या लेकीशेजारी, मुक्ताशेजारी, वही घेऊन बसले.

मास्तरांची फेरी एकाच ठिकाणी अडते, स्वतःच्या दारापाशी. आत काकू. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या बोलत नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही. मास्तर रोज सकाळी दादरहून एक फूल आणतात, काकूंच्या नाकाशी धरतात आणि वहीत टिपतात. 'मोगरा. मान वळली नाही.' 'निशिगंध. नाही.' उजवी बाजू पानोपान कोरी.

परवा सोनचाफा होता. संध्याकाळी मुक्ताला काकूंजवळ बसवून मास्तर वर्ग घेत होते. मी तिला न्यायला आले, तोच ती धावत बाहेर आली.

"मास्तर, काकू हसल्या! मी फूल धरलं तर हसल्या!"

"दिसलं की वाटलं?"

"दिसलं."

"कितीदा?"

"एकदाच."

मास्तर आत धावले. मागोमाग आम्ही. त्यांनी फूल धरलं. पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा धरलं. काकू आढ्याकडे बघत होत्या, तशाच.

"खरंच हसल्या हो," मुक्ता रडवेली झाली.

मास्तर कॉटच्या कडेला बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी वही उघडली आणि रेघेच्या डावीकडे, सावकाश लिहिलं, 'सोनचाफा. हसली.'

मुक्तानं वाकून वाचलं. मग माझ्या कानाशी लागली, "आई, पण मास्तरांनी कुठं बघितलं?"

मी तिचा दंड दाबला आणि तिला बाहेर घेऊन आले.