दिगूकाकांच्या बरणीतली बिअर

दिगूकाकांकडं बिअर प्यायला जायचं तर आधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. मग काका ग्लास धुतात, उजेडात धरतात, नाक मुरडतात आणि पुन्हा धुतात. "एका तेलकट हातामुळं अख्खी टाकी गटारीत सोडलीय मी," हे वाक्य तर आता माझ्या बायकोलाही पाठ झालंय. काका जन्मभर बिअरच्या कारखान्यात तपासनीस होते. बिअरला जराही परका वास लागला, की संपलं.

उस्मानपुऱ्यात आमची दारं समोरासमोर. करोनात विमलकाकू गेल्या, तेव्हापासून काका एकटेच. त्यात हा बिअर करायचा नाद. मोड आणून वाळवलेलं जव उकळून केलेली ही बिअर त्यांनी चिनीमातीच्या बरणीत भरली आणि वर्ष उलटलं तरी कुणाला हात लावू दिला नाही.

"तिकडं युरोपात शेतकरी अशीच मुरवतेत. आंबट व्हती. आंबटच पायजे."

"काका, आंबलेलं आपण फेकून देतो."

"तू फेक बाबा. तुला काय कळतंय!"

एवढा वासाचा जाणकार माणूस, पण स्वतःच्या गॅसवर दूध करपलं तरी खुशाल पेपर वाचत बसतो. वास आमच्या घरात येतो, धावायचं आम्ही. "तंद्री लागली व्हती," असं वर म्हणणार.

शेवटी एका रविवारी बरणी उघडायचं ठरलं. मला बोलावलं आणि सलीमभाईंना. सलीमभाईंचं अत्तराचं दुकान आहे. ते पीत नाहीत, पण त्यांच्या नाकाला काका लई मानतात. आम्ही दोघांनी मुकाट्यानं हात धुतले. काकांनी ग्लास भरले. फेसाचा पत्ता नव्हता. मी तसं म्हणालो, तर काका उखडले, "फेस गेला उडत! वास कसला येतो ते सांगा."

सलीमभाईंनी ग्लास नाकाशी नेला. त्यांचे डोळे मोठे झाले. पण माणूस अदबीचा. "माशाअल्लाह, काका! एकदम साफ."

"लोणच्याचा येतो का?"

"तौबा, तौबा! बिलकुल नाही."

काकांचा चेहरा पडला. "नीट घ्या की वास."

"कसम से, काका."

काका माझ्याकडं वळले. मी घोट घेतला आणि असा ठसका लागला की काय सांगू! कैरी, मोहरी, मेथी, आणि हिंग तर थेट डोक्यात गेला. "काका, ही कसली बिअर? हे लोणचं आहे, लोणचं!"

सलीमभाईंनी टेबलाखालून मला लाथ मारली.

"हिंग येतो?" काकांनी हळूच विचारलं.

"येतो म्हणजे? दुसरं काही येऊच देत नाही!"

काका खुर्चीत मागं टेकून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "विमलचा हात सैल व्हता हिंगाला. त्याच्यावरून लई भांडलो तिच्याशी."

मी ग्लास खाली ठेवला. मग तेच बोलले, "त्या तापात ती गेली अन् माझं नाकबी गेलं. ते काय परत आलं नाय. तिची लोणच्याची बरणी झाकून ठेवली व्हती. पण वास ऱ्हायला का उडाला, मला कसं कळावं? बिअरला वास लागला की सुटत नाय. जलमभर तेच निस्तरलं. म्हणून बिअर त्या बरणीतच भरली."

"पण काका, भरायच्या आधी बरणी धुतली असेल ना?"

"येडा का काय तू? ती कशी धुवीन?"

सलीमभाईंनी आपला ग्लास पुन्हा उचलला, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला.

"मैं झूठ बोला, काका. हिंग है. बहुत है. मेथी बी है."

काकांनी खुर्ची पुढं ओढली.

"अजून?" ते म्हणाले. "अजून काय येतं?"