केतकीबाईंच्या कन्सोलास वाय-फाय पावले त्याची हकीकत

मंगलमूर्तींस वंदन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी, आदितवारी जे वर्तमान जाहले ते लिहिले ऐसे. राज्य दोन खोल्यांचे, नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. थोरल्या कन्या ऋजुताबाई चाकरीनिमित्त परमुलखी गेल्या आणि धाकट्या केतकीबाई, उमर वर्षे अकरा, मागे राहिल्या. उभयतांची भेट दर आदितवारी कन्सोलवर, मोटारींच्या शर्यतीत व्हावयाची. फोनवर ऋजुताबाई शहाण्यासारख्या "जेवलीस का" इतकेच पुसत, आणि शर्यतीत मात्र पहिल्यासारख्या भांडत, म्हणोन केतकीबाईंस तो तास जिवापाड प्यारा.

त्या दिवशी कन्सोल हाती घेतला तो वाय-फाय मिळेना. मग बाईंनी कन्सोल बंद करोन चालू केला, आणि राउटरची पिन उपटोन पुन्हा खोवली, आणि पासवर्ड नव्याने घालावा म्हणोन यादी उघडली, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे हजर आणि आपल्याच राज्याचे नाव गायब. राउटरपुढे मांडी ठोकोन बसल्या, तरी नाव उमटेना. आईसाहेबांच्या फोनास तर नेट धो धो. तेव्हा आईसाहेब म्हणाल्या की, यंत्र थकले, त्यास आता निरोप द्यावा. ऐकोन बाईंचे डोळे भरले.

इतक्यात आबासाहेबांची स्वारी भाजी घेऊन आली. बाईंनी पुसिले, "आबा, राउटरला तुम्ही काही केलंत का?"

आबासाहेब खुशीत सांगते जाहले की, राउटर दोन वाटांनी नेट सोडतो, एक दोन पॉइंट चारची आणि एक पाचची, हे काल सेटिंगमध्ये दिसले. "पाचची वेगवान आहे. मग दुसरी फुकट कशाला चालू ठेवायची? बंद केली." रिकाम्या खोलीतला पंखा मालवीत हिंडणे हा आबासाहेबांचा नेम, तोच येथे चालविला. बाईंनी कपाळास हात लाविला, कारण जुन्या कन्सोलास पाचची वाट दिसतच नाही. मग आबासाहेब ओशाळले, आणि भाजीची पिशवी तशीच टाकोन दुसरी वाट खुली केली, आणि यादीत राज्याचे नाव सर्वांच्या वर झळकले.

बाई शर्यतीत शिरल्या तो ऋजुताबाईंची मोटार आरंभरेषेवर एकटीच उभी. कन्सोलातून आवाज आला, "कधीची थांबलेय गं मी इथे. होतीस कुठे?" आणि पहिल्याच वळणावर त्यांनी धाकटीस खड्ड्यात ढकलिले.

एकंदर मजकूर इतकाच की, केतकीबाई सर्व शर्यती हरल्या, आणि ताई लबाडी करते म्हणोन ओरडल्या, आणि ताई तिकडून दुप्पट ओरडल्या, आणि आदितवारचे दोघींचे भांडण घरात पुन्हा ऐकोन आईसाहेबांनी शिरा करावयास घेतला.