व्यंकण्णांची बिनदेवाची फुलं

फुलं चोरायला येणाऱ्या बायकांना शिव्या घालणारे घरमालक मी पुष्कळ पाहिले आहेत. पण चोरायला एक फूलही शिल्लक न ठेवता स्वतःची बाग स्वतः उपटून काढणारा माणूस एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी व्यंकण्णा.

तेही ऐन श्रावणात! मोगरा, जाई, अबोली, शेवंती, सगळं कुदळीनं उकरून त्यांनी रस्त्यावर फेकलं. केशवापुरातल्या आमच्या गल्लीचे निम्मे देव व्यंकण्णांच्या फुलांवर जगत होते. पहाटे परडी घेऊन बाहेर पडलेली माझी आई तो ढीग बघून जागच्या जागी उभी राहिली.

"व्यंकण्णा, वेड लागलं काय हो?"

"रूल दाखवा की वहिनी," व्यंकण्णा कुदळीवर हात टेकून म्हणाले. "आपलं झाड आपण काढू नये असा रूल दाखवा. आत्ताच्या आत्ता परत लावतो."

'रूल दाखवा' हे व्यंकण्णांचं पालुपद होतं. उभी हयात हुबळीच्या रेल्वे मालऑफिसात गेली. तिथं रूल दाखवल्याशिवाय गोणीसुद्धा हलायची नाही, आणि पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी तोच कारभार गल्लीत सुरू केला. दूध पातळ का, तर म्हैस पावसात भिजली, असं गवळी म्हणाला. त्याला रूल विचारला. एकादशीला भटजी खिचडी खाताना सापडले, तेव्हा तर व्यंकण्णांना ऊतच आला. "साबुदाणा कुठल्या पोथीत आहे? बटाटा कुठल्या पोथीत आहे? साहेबानं आणलेला बटाटा उपासाला चालतो. का? तर त्याच्याबद्दल रूल लिहायला ऋषींना सवडच मिळाली नाही! बरोबर की नाही?" भटजींनी द्रोण खाली ठेवला नाही, पण पुढचे घास त्यांना गोड लागले नसावेत.

त्याच उन्हाळ्यात व्यंकण्णांचा जावई विषमज्वरानं गेला होता. मुलगी इंदिरा, गल्लीची इंदक्का, वय एकोणीस. सासरच्यांनी दाराशी न्हावी आणून बसवला तेव्हा व्यंकण्णांनी त्याच्या अंगावर वहाण उगारली आणि मुलीला तशीच बैलगाडीत घालून माहेरी आणली. बायको कधीच वारली होती. त्यामुळे घरात आता बाप-लेक दोघंच. केस राखलेली विधवा दारासमोरून पाणी भरायला जाते हे गल्लीला रुचलं नाही, पण व्यंकण्णांच्या तोंडाला लागणार कोण?

"जावई गेला म्हणून देवावर राग काढतोय," बाग उपटल्यावर आईनं निकाल दिला. आई स्वतः विधवा होती. मी पाळण्यात असताना वडील गेले. तेव्हापासून लाल आलवण, एक वेळचं जेवण आणि सोवळं. गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही हे शेवटी आईला विचारूनच ठरायचं. तिचा निकाल सगळ्यांनी मान्य केला, मीही केला.

आश्विनात बेंगळूरहून व्यंकण्णांच्या नावे पार्सल आलं. आत काळे, सुकलेले, वेडेवाकडे खडे. मी म्हटलं, "अण्णा, शेळीच्या लेंड्या विकत घ्यायला लागलात?"

"अनिमोनीचे कंद आहेत, मास्तर. साहेबाच्या मडमेच्या बागेत बघितली होती फुलं. लाल, जांभळी. मधे काळा डोळा. वास नाही, काही नाही." ते कंद त्यांनी रात्रभर वाटीत भिजत ठेवले. सकाळी लावायला बसले, तर त्यांची वरची बाजू कुठली नि खालची कुठली हे दोघांनाही कळेना. शेवटी व्यंकण्णांनी सगळे आडवे निजवले. "डोकं कुठं नि पाय कुठं, त्याचं त्याला कळतंय. माणसालाच कळत नाही."

त्या वर्षी एकही कंद वर आला नाही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. माघात त्यांनी माती उकरली, तर कंदांचा चिखल झालेला आणि वर मुंग्यांचं वारूळ. त्यांनी चिमूट माती उचलून हुंगली, आणि सरळ आमच्या ओसरीवर आले.

"मास्तर, तुमच्या आईनं माझी झाडं मारली. पंचामृत पाजून मारली."

प्रकार खरा होता. देवाच्या अभिषेकाचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी ओततात. व्यंकण्णांचा तो उजाड वाफा बघून आईला वाटलं, बिचाऱ्या मातीला तेवढंच पुण्य. म्हणून ती रोज सकाळी कुंपणावरून दूध, दही, मध, साखर असलेलं तांब्याभर तीर्थ त्यात रिकामं करत होती. नास्तिकाची फुलं देवाच्या आंघोळीच्या पाण्यानं मेली, याचं मला फार हसू आलं. व्यंकण्णा हसले नाहीत. ते खाली बसले. त्यांच्या घरातून जात्याची घरघर येत होती. इंदक्का दळत होती.

"मास्तर, बाग मी देवावरच्या रागानं काढली नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मोगरा सवाष्णीचा. अबोली सवाष्णीची. शेवंती देवीची. इंदी अंगणात आली की आधी इकडंतिकडं बघायची. एके दिवशी मोगऱ्याचं फूल वाटेत पडलेलं. तिनं ते पदरानं धरून बाजूला ठेवलं. हात लावला नाही! स्वतःच्या बापाच्या घरात! म्हणून काढून टाकलं सगळं. आता मला असं फूल पाहिजे की ज्याच्याबद्दल कुठल्याच पोथीत एक अक्षर नाही. देवाला लागत नाही, सवाष्णीला लागत नाही. मग इंदीला चालत नाही असं कोण म्हणेल? एकदा तिच्या डोक्यात फूल बघायचंय मला. बस, एकदा."

 दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फुलाला रूल नसेल. केसांना आहे."

पण दुसऱ्या दिवसापासून तीर्थाचा तांब्या आमच्या तुळशीत रिकामा होऊ लागला.

पुढच्या आश्विनात पुन्हा पार्सल आलं, पुन्हा आडवी निजवानिजव झाली. या खेपेला कोथिंबिरीसारखी पानं फुटली. व्यंकण्णा पहाटे पांघरूण गुंडाळून वाफ्याशी उकिडवे बसत आणि झाडांना दटावत, "एळ्री, एळ्री, उठा की! ऑफिस उघडलं!" गल्ली म्हणाली, म्हातारा पुरता गेला. इंदक्का दारात उभी राहून हसायची. ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

पौषात इंदक्काचा दीर हावेरीकडून आला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. घरात तीन लेकरं, चूल बघायला कोणी नाही. "वहिनींना न्यायला आलोय. रथसप्तमी झाली की नेतो." सून नको होती तेव्हा न्हावी बोलावला, आणि स्वयंपाकीण पाहिजे तेव्हा वहिनी आठवली. मला वाटलं, आता व्यंकण्णा याला ओसरीवरून खाली ढकलणार. त्यांनी तोंड उघडलंही. पण इंदक्काच पुढं झाली.

"जाते, अप्पा. तुमच्या मागं मी कुणाच्या दारात बसू? तिथं निदान लेकरं आहेत."

त्या दिवशी व्यंकण्णांनी रूल मागितला नाही.

मग सगळा जीव वाफ्यात अडकला. कळ्या धरल्या होत्या, पण हिरव्या पानांच्या झालरीत मान खाली घालून बसल्या होत्या, काही केल्या उघडेनात. व्यंकण्णा उन्हाप्रमाणे सावलीला पालथ्या घातलेल्या टोपल्या सरकवत, रात्री पोती पांघरत. रथसप्तमी आली नि गेली. दीर टांगा घेऊन दाराशी उभा राहिला त्या सकाळी ऊन वर चढलं, आणि एकच कळी उघडली. लालभडक, मधे काळा डोळा.

मी शाळेला निघालो होतो. दारात व्यंकण्णा. एका हातात ते फूल, दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा सावरताहेत. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, एक आकडा द्याल? केसातला. आमच्या घरात आकडा नाही."

बायको माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतून आई आली, सोवळ्यात, ओलेत्यानं. तिनं फुलाकडे बघितलं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

"बाप्याच्या हातानं आकडा बसत नाही," आई म्हणाली. "दे गं इकडं. आणि व्यंकण्णा, फूल द्या. मूठ आवळू नका अशी."

ती सोवळ्यातच कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. मागीलदारी तिनं इंदक्काला पाटावर बसवलं. इंदक्का म्हणाली, "नको हो काकू, पाप लागेल." आई म्हणाली, "मला लागेल. मान खाली घाल." तिनं आंबाड्यात देठ खोवला, आकडा लावला आणि वरून पदर कपाळापर्यंत ओढून दिला. विधवेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हा नियम आमच्या आईनंच गल्लीतल्या कितीतरी पोरींना शिकवला होता. त्या पदराखाली काय आहे ते बाहेर कुणाला दिसणार नव्हतं.

घरी परत येऊन आईनं पुन्हा आंघोळ केली. थंड पाण्यानं, बराच वेळ. मग ती देवापाशी बसली. त्या दिवशी तिची पूजा फार लांबली.

इंदक्का टांग्यात मागे बसली, दीर पुढं. ती पुन्हा माहेरी येणार नाही, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. व्यंकण्णांनी लेकीला जवळ घेतलं नाही. टांगा हलला तसे तेही चालू लागले, मागोमाग शाळेच्या वाटेनं मीही. आमच्या गल्लीचा रस्ता म्हणजे नुसते खाचखळगे. पहिल्याच खड्ड्यात टांगा आदळला आणि म्हातारा ओरडला, "सावकाश होगप्पा! सावकाश जा!"

अनिमोनीच्या पाकळ्या फार नाजूक असतात, जरा हिसका बसला की गळतात. हे व्यंकण्णांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

टांगेवाला चिडला. "एनु अण्णा, सामानात काच आहे काय?"

 व्यंकण्णांनी टांग्याची मागची दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि प्रत्येक खड्डा आला की अंगातलं सगळं बळ लावून ती वर उचलून धरत. धोतर सुटायला आलं होतं, पायातली एक वहाण मागेच राहिली होती. दीर वळून बघत हसत होता. पदराखालची मान मात्र जराही हलत नव्हती. तिनंही ती जपून धरली होती.

स्टेशनच्या वळणापासून पुढं साहेबांनी केलेला गुळगुळीत रस्ता लागतो. तिथं व्यंकण्णांनी दांडी सोडली.