जुन्या नळीत नवा जीव

रेडिओ दुरुस्त करताना एक हात खिशात ठेवावा, ही क्लिफर्ड हेबलथवेटची पहिली आज्ञा. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला, तर वीज छातीतून आरपार जाते. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून त्याने हा नियम इतका पाळला होता, की डावा हात आपोआप खिशात जाई. (साडूच्या दफनाच्या वेळीही तो तसाच उभा होता. साडूची बायको विनिफ्रेड ते विसरली नव्हती.)

ही विनिफ्रेड म्हणजे क्लिफर्डच्या बायकोची थोरली बहीण. तिला एकटीला घर खायला उठे, म्हणून क्लिफर्डच्या मागच्या खोलीवर तिचा डोळा होता. त्या खोलीत त्याचे रेडिओ होते.

शेवटी बायकोने, डोरीनने, निवाडा दिला. "बाबांचा रेडिओ वर्षभर उघडून ठेवलायस. रविवारी विनी चहाला येतेय. वाजला तर खोली तुझी, नाही वाजला तर तिची."

क्लिफर्ड कामाला लागला. रेडिओतले वीज साठवणारे जुने कपॅसिटर मोठे डूख धरणारे. प्लग काढला तरी वीज पोटात धरून बसतात. म्हणून त्याने रेझिस्टर लावलेल्या तारेने एकेकाची वीज उतरवली, मीटरवर शून्य पाहिलं. त्यातली विषारी तेल गळणारी एक डबी हातमोजे घालून पिशवीत बंद केली.

इथपर्यंत शहाणपण होतं, पुढे हौस आली. नवे कपॅसिटर शेंगदाण्याएवढे. ते नुसते लावले तरी रेडिओ वाजतो, पण रेडिओ क्लबातले जाणकार नवं काही दिसलं की नाकं मुरडतात. म्हणून जुन्या कपॅसिटरच्या पुठ्ठ्याच्या नळीतला कुजका ऐवज काढायचा, आत नवा बसवायचा, तोंडं मेणाने बुजवायची आणि वर चहाचं पाणी फासायचं. पहिली नळी तयार झाल्यावर ती त्याने एका जुन्या नळीशेजारी ठेवली आणि डोरीनला हाक मारली.

"सांग, यातली नवी कोणती?"

"दोन्ही सारख्याच घाण दिसताहेत."

"हेच तर!" क्लिफर्ड खुलला.

"बरं, कोणती?"

क्लिफर्डने चष्मा पुसला. दोन्ही नळ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. "ही," असं तो म्हणाला खरा, पण आवाज काही ठाम निघाला नाही. फोडून बघता आलं असतं, पण इतकं सुबक काम फोडायला त्याचा जीव होईना.

रविवारी त्याने रेडिओची पाठ मुद्दाम चहाच्या टेबलाकडे केली, काम लोकांना दिसावं म्हणून. बटण फिरवलं आणि खोलीभर ब्रास बँड घुमला.

"अगं, अगदी बाबांच्या वेळचा आवाज!" विनिफ्रेडने डोळे टिपले. क्लिफर्डने मनातल्या मनात खोलीला कुलूप लावलं.

तेवढ्यात धाडकन एक नळी फुटली; नेमकी जुनीच रेडिओत बसली होती. काळा धूर निघाला आणि मेणात लडबडलेला कागद थेट विनिफ्रेडच्या बशीतल्या स्कोनवर, त्या गोड पावावरच्या साईच्या थरावर येऊन बसला.

"मेले, मेले!" विनिफ्रेड किंचाळली. "या घरात मी एक रात्रसुद्धा काढणार नाही! डोरीन, माझा कोट!"

क्लिफर्डला आनंद आवरेना. रेडिओ गेला होता, पण खोली वाचली होती. एवढ्यावर तो गप्प बसला असता, तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याच्या कामाच्या सुरक्षिततेवर कोणी शंका घेतलेली त्याला सहन होत नसे.

"विनिफ्रेड, घाबरता काय अशा?" त्याने प्लग उपटला. "आता एकेकाची वीज उतरवतो, बघा. हा शून्य. हाही शून्य. माझ्याइतका जपणारा माणूस सबंध टॉडमर्डन गावात मिळायचा नाही. त्या खोलीत तान्हं मूलसुद्धा निर्धास्त झोपेल!"

डोरीन टेबलाखालून त्याला लाथा मारत होती. (बहिणीला घरात आणायची हौस तिलाही नव्हती.) पण क्लिफर्ड रंगात आला होता.

विनिफ्रेडने अर्धा चढवलेला कोट काढला आणि मीटर निरखून पाहिला. "खरंच शून्य?"

"शंभर टक्के शून्य!"

"मग मी मंगळवारी येते राहायला," ती म्हणाली. "डोरीन, याचं सगळं सामान बागेतल्या शेडमध्ये टाक. तिथलं छप्पर गळतंय म्हणा, पण हरकत नाही. शून्यच आहे सगळं."