बॉनेटचं कुलूप

बॉनेटला कुलूप लावायचं, एवढंच मी ठरवलं होतं. छोटंसंच, आमच्याकडे साखरेच्या डब्याला असतं तेवढं. (साखरेच्या डब्याला कुलूप माझ्यामुळे आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. तो विषय वेगळा.) आता दारातल्या जीपला माणसाने कुलूप लावलं, तर कुणाच्या पोटात का दुखावं, सांगा!

जीप तशी माझी नाही. सासरेबुवांची, म्हणजे जयसिंगरावांची. सगळे त्यांना बाबासाहेब म्हणतात. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते आणि बाबासाहेब अजून स्वतःला सुट्टीवर आलेले समजतात. यंदा त्यांनी जाहीर केलं, "आता आमच्याने क्लच दाबवत नाही. दसऱ्याला मानपुरच्या शेतावर पूजा करू आणि किल्ली एका जावयाला देऊ. जो नीट सांभाळेल त्याला!"

जावई दोनच. थोरला मी, संताजी. नाव सेनापतीचं, काम वीज बिलांच्या तक्रारी ऐकण्याचं. धाकटा जयेश, साड्यांचं दुकान आहे त्याचं. बाबासाहेबांच्या गल्लीत खोदकाम चालू म्हणून दसऱ्यापर्यंत जीप आमच्या परदेशीपुऱ्यातल्या अंगणात आली. म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलीच होती.

आणि नेमका क्लच बसला. पेडल दाबलं की लोण्यात पाय गेल्यासारखं खाली जायचं. बॉनेट उघडून बघतो तर क्लचच्या डबीतलं ऑइल तळाला. गाडीखाली वाकून बघितलं, झोपून बघितलं, एक थेंब नाही! मग ऑइल जातं कुठे? माझ्या डोळ्यांपुढे ताबडतोब जयेश उभा राहिला.

शेजारचे वासुदेवजी म्हणाले, "मास्टर सिलिंडर गेला असेल भिया. पेडलच्या मागे असतो, क्लचचं ऑइल ढकलतो तो. अंदरके रबर बदलवून घ्या." मेकॅनिककडे जायला मी काय मूर्ख आहे? तो मेकॅनिक जयेशचा माणूस निघाला तर? मी रबरांचं किट आणलं आणि रविवारी ओट्यावर पेपर पसरून सिलिंडर खोलला.

"अहो, माझं सोयाबीनचं तेल कुठे नेताय?" बायकोने, शिखाने विचारलं.

"रबर भिजवायला. कुकरच्या रिंगला लावतेस ना तेल? रबर मऊ राहतं."

"कुकरमध्ये डाळ असते. ह्यात माझे बाबा बसणार आहेत!"

मी हसलो. (हे हसू मला पुढे फार नडलं.) सकाळी बघतो तर रबरं छान बाळसं धरलेली. इतकी, की सिलिंडरमध्ये जाईनात. मग बत्त्याच्या मागच्या टोकाने दाबली. करकरली, थोडी सोलवटली, पण गेली! मग पाइपातली हवा काढायला शिखाला पेडलवर बसवलं.

"दाब! धरून ठेव! आता सोड!"

"धरू की सोडू? एक काय ते सांगा!"

"धरून सोड!"

पण काम फत्ते झालं. क्लच असा कडक, की बाबासाहेबांनी सलाम ठोकावा. रोज ऑफिसला जाताना बॉनेट उघडायचो, तर ऑइल काठोकाठ. थेंबही कमी नाही! मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. फक्त एक गोष्ट खटकायची. गाडी चालवून आलो, की डाव्या पायाचा मोजा ओला. वासुदेवजींचा कुत्रा जीपमध्ये झोपायचा, त्याच्यावर माझा पक्का संशय होता. मी त्याला दगडसुद्धा मारला. (लागला नाही. वासुदेवजींच्या कुंडीला लागला.)

मग एका सकाळी, दात घासता घासता खिडकीतून बघतो तर काय, जयेश! डोकं बॉनेटमध्ये, हातात पिशवी. मी तसाच ब्रशसकट बाहेर धावलो.

"काय चाललंय रे?"

तो दचकला. काहीतरी पिशवीत लपवलं. "कुछ नहीं भिया! पोहे आणलेत, गरम गरम."

"बॉनेटमध्ये?"

"नाही, ते... चिमणीने घरटं केलंय का, बघत होतो."

चिमणी! माझ्या हातचा सिलिंडर बिघडवून दसऱ्याला माझी फजिती करायचा डाव, आणि नाव चिमणीचं! पोहे मी खाल्ले (वर भुरभुरलेला जिरावन मसाला चांगला होता), पण त्याच संध्याकाळी कडी-कोयंडा ठोकून बॉनेटला कुलूप घातलं.

शिखाचा चेहराच उतरला. "अहो, कुलूप कशाला? ते रोज बघावं लागतं ना..."

"मी बांधलेलं बघावं लागत नाही."

ती आत जाऊन हळू आवाजात कुणाशी तरी फोनवर बोलू लागली. "आता काय करायचं जयेशजी?" एवढं मी ऐकलं आणि समजलो, फितुरी घरातूनच आहे! मला भयंकर वाईट वाटलं. त्या रात्री मी चार पोळ्याच खाल्ल्या.

दसऱ्याला निघालो. शेजारी बाबासाहेब, डोक्याला फेटा, मांडीवर पूजेची तलवार. मागे शिखा. जयेश आणि मेव्हणी मागून स्कूटरवर. पेडल जरा खोल वाटत होतं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. महूच्या चौकात गिअर बदलायला दाबलं, तर पेडल जे खाली गेलं ते तिथेच राहिलं. जीपने दोन गचके दिले आणि कचोरीच्या दुकानासमोर बंद पडली. कढईतल्या कचोऱ्यांकडे बघायचं सोडून गिऱ्हाइकं आम्हाला बघू लागली.

"जावईबापू, काय झालं?"

"घातपात, बाबासाहेब!" मी मागे बोट दाखवलं. "विचारा ह्याला!"

जयेश पळत आला. हातात ब्रेक ऑइलची बाटली. "भिया, बॉनेट खोलो. ऑइल खतम झालं असेल."

"बघा! ह्याला कसं माहीत?"

"लॉक लावल्यापासून मी टाकलंच कुठे?"

शिखा मागून हळूच म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना. तुम्ही बांधलंत त्या दिवसापासून रोज गळतंय ते. ते बिचारे पहाटे येऊन भरून जायचे. तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

"गळतंय? कुठे? खाली एक थेंब दाखव!"

बाबासाहेबांनी तलवारीच्या म्यानाने माझा डावा बूट ठोकला. बुटाचा रंग निघून पार भुरा झालेला. पायाखालचं जाड पायपुसणं दाबलं तर पचपच आवाज आला. सगळं ऑइल आत, पेडलवरून माझ्याच पायावर येत होतं. कुत्रा निर्दोष होता.

"कुलूप उघडा," बाबासाहेब म्हणाले.

किल्ली कालच्या पँटमध्ये होती. पँट वॉशिंग मशीनमध्ये होती. मशीन परदेशीपुऱ्यात होती.

तेव्हा बाबासाहेबांनी तलवार उपसली. आजवर फक्त हळद-कुंकू पाहिलेली ती तलवार महूच्या चौकात कोयंड्यात खुपसली आणि एका हिसक्यात कोयंडा उखडला. कचोरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. जयेशने ऑइल भरलं, पेडल मारून मारून हवा काढली, आणि जागोजागी थांबत, भरत आम्ही मानपुर गाठलं. गाडी जयेशने चालवली.

पूजा झाली. किल्ली जयेशच्या हातात गेली. त्याने मला वाकून नमस्कार केला, त्यामुळे तर मला जास्तच लाज वाटली.

"जावईबापू, तुम्हीही या," बाबासाहेब म्हणाले. माझ्या मनात जरा आशा आली. त्यांनी कुलूप माझ्या हातावर ठेवलं. शाबूत होतं, त्यावर कुंकूही लावलेलं होतं. "गाडी राहू द्या. निदान घरातला साखरेचा डबा तरी नीट सांभाळा."

शिखाने पटकन ते माझ्या हातातून काढून घेतलं. "बाबा, यांच्याकडे नका देऊ! डबा यांच्यापासूनच तर सांभाळायचाय."